चुलीमागं एक पान

डाबेराव मास्तर मोबाईलवरचं पान पलटवायच्या आधी बोट जिभेले लावते.

वाचणाऱ्याले वाटन, बुढा फेकून राह्यला. नाई. तीन वर्षं झाले, मी रोज पाह्यतो. मोबाईलात पुस्तक उघडलं, की त्याचं उजव्या हाताचं बोट आपोआप तोंडाकडं जाते, जिभेले टेकते, मंग काचेवर जाते आन् पान पलटते. पलटलं की फोनमधून फर्रर्र आवाज येते. आवाज आला की मास्तर आपल्याकडं असा पाह्यते, जसा कागद त्यानंच शोधून काढला. काच ओली झाली की रुमालानं पुसते, आन् पुढच्या पानाले पुन्हा जीभ.

एक डाव मी म्हणलं, "मास्तर, तठी कागद थोडी हाय? काचेले थुका कायले लावता?"

तर म्हणे, "आबा, पुस्तकाचा मान ठेवा लागते."

बावन्न वर्षांचा माणूस.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडं, रस्त्याच्या आत दोन कोस. शाळा चौथीपर्यंत. बाकीचे मास्तर खामगावहून फटफटीवर येतात आन् पाचाच्या ठोक्याले गाडीले किक मारतात. गावात राह्यणारा हा एकटा. माह्या घराची रस्त्याकडची खोली त्याले देल्ली हाय. एक पेटी, एक गादी, एक गॅसची लहान शेगडी, आन् पुस्तकं इतकी की गादी अर्धीच अंथरता येते. झोपते कसा, ते मी इचारलं नाई.

मास्तरचं येड म्हणजे हे मोबाईलातले पुस्तकं. फ्लिपबुक म्हणतात त्याले. मले शब्द येते. मी दुसरी शिकेल हाय, आन् दुसरी दोन डाव केली, म्हणजे हिशोबानं तिसरी धरायले हरकत नाई. तर ते असं. पोट्टे कागदावर चित्र काढतात, खाली दोन ओळी लिहितात. मास्तर एकेका कागदाचा फोटो काढते. मंग ते सारे फोटो एकामागं एक शिवते. शिवते हा त्याचाच शब्द. आन् मंग इंटरनेटवर असे काही ठिकाणं हायत, तठी ते चढवते. पाच मिनिटात त्याचं पुस्तक होऊन येते. पुठ्ठा, मधात घडी, कोपरा जरासा उचलेल. आपल्या गावच्या पोट्ट्यायचे वाकडेतिकडे बैल, पण दिसतात कसे, जसे शहरातल्या दुकानातून आणले. तिसरी-चौथीचे पोट्टे तर पागल झाले. पह्यले वही काढा म्हणलं की ज्यायचं पोट दुखे, ते आता दोन-दोन पानं जास्त लिहून आणतात आन् भांडतात, की पुठ्ठ्यावर चित्र कोणाचं.

आता यात माह्या घराचा काय संबंध? तर गावात नेटवर्क येते फक्त माह्या स्लॅबवर. तेही पाण्याच्या टाकीच्या पूर्वेकडं, दोन हाताच्या जागेत. आन् थंडीत त्याच जागेत माह्या लाल मिरच्या वाळतात. मिरच्या मी हटवत नाई. ऊन तठीच चांगलं लागते. मास्तर फोन हटवत नाई. त्यामुळं दर शनिवारी दुपारी मिरच्यायच्या मधात, छत्री लावून, मांडी घालून मास्तर बसेल असते, मांडीवर लॅपटॉप, आन् शिंकून राह्यला असते.

एकदा तर कहर झाला. पुस्तक चढत होतं. मास्तरले अशी शिंक आली, की चष्मा मिरच्यायत गेला. चष्मा उचलला, हात तसाच डोळ्याले लावला. झालं! उठला, टाकीभोवती दोन चकरा मारल्या, डोळे गच्च बंद, नाक वाहून राह्यलं, आन् वरडते काय?

"आबा! किती टक्के झालं?"

मी वाकून पाह्यलं. आकडे मले पक्के येतात. म्हणलं, "अठ्ठ्याण्णव."

"हात लावू नका! कोणी हात लावू नका!"

"अहो मास्तर, पह्यले डोळे धुवा."

"डोळे जाऊ द्या आबा, पुस्तक होऊन राह्यलं!"

आमच्या घरची मंडळी, कौसाबाई, खालून ताकाची वाटी घेऊन वर आली. ताकानं त्याचे डोळे पुसले. शंभर टक्के झाले तवा मास्तर लाल डोळ्यानं हासत होता.

विषय कोणताही चालते त्याले. 'गावातल्या बैलांचे शिंग' नावाचं पुस्तक केलं, वीस पानाचं. 'हापशी कशी चालते' हे केलं. आमच्या मंडळीनं एकदा त्याले अंबाडीची भाजी देल्ली. भांडं वापस करतानी मोकळं द्यायचं नसते, ही आमच्याकडची रीत. कोणी मूठभर शेंगा टाकते, कोणी साखर. मास्तरनं त्यात कागदाचा एक तुकडा टाकला, त्यावर काळ्या ठिपक्यायचा चौकोन. कौसाबाई म्हणे, "हे काय बापा? उधईनं खाल्लेला कागद देल्ला का?" आमची नात रेणू, चौथीत हाय, तिनं स्लॅबवर जाऊन त्यावर फोन धरला, तर पुस्तक उघडलं. 'काकूंची अंबाडीची भाजी'. बारा पानं. पानापानावर भाजीचा फोटो, शेवटच्या पानावर मोकळं ताट. कौसाबाईनं ते पुस्तक दिवसभर साऱ्या गल्लीले स्लॅबवर बोलावून दाखवलं. मी तिच्या हातची भाजी पन्नास वर्षं खाल्ली, पण मी एक पानही काढलं नाई, हे मले तवापासून आठवड्यातून एक डाव ऐकाले भेटते.

तर यंदाच्या दिवाळीनंतर मास्तरनं मोठं काम काढलं. साऱ्या गावाचं पुस्तक.

आमच्याकडं लग्नाचं आवतन चूलबंद असते. म्हणजे ज्या घरी आवतन देल्लं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटवायची नाई, लहानथोर साऱ्यायनं जेवाले यायचं. म्हणून गावात घरं कोणी मोजत नाई, चुली मोजतात. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे रांधत असतील तर आवतनं दोन. मास्तरनं हाच हिशोब घेतला. चुलीमागं एक पान. वर पोट्ट्यानं घराचं चित्र काढायचं. खाली त्या चुलीवर जेवणाऱ्या माणसायचे नावं. आन् नावं लिहायचे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं, सोताच्या हातानं. लिहिता येत नसन, तर पोट्टं नावं लिहीन आन् मोठ्या माणसानं खाली अंगठा उठवायचा.

"सोताच्याच हातानं काऊन?" मी इचारलं.

"पोट्ट्यायले समजलं पाह्यजे आबा, की लिहिणं घरातूनच येते. शाळेतून नाई."

गाव कामाले लागलं. पूर्वेकडच्या गल्लीतले दोन भाऊ वेगळे रांधतात, त्यायची माय सकाळी थोरल्याकडं जेवते आन् संध्याकाळी धाकट्याकडं. तिचं नाव कोणाच्या पानावर, यावरून दोन्ही भाऊ मास्तरच्या खोलीत येऊन तावातावानं भांडले. मास्तरनं दोन्ही पानावर तिचं नाव घेतलं. म्हणे, "माय दोन पानावर चालते. पुस्तकाले वजन येते." बायायनं अंगठे देल्ले तर मास्तरनं त्याचे इतके मोठे फोटो काढले, की एकेक अंगठा जास्वंदीच्या फुलाएवढा दिसे. चुली निघाल्या एकसष्ट. सव्वीस जानेवारीले झेंडा झाला की शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर गावाले पुस्तक दाखवायचं, असं ठरलं.

याच्या आधी सात गावात मास्तरनं असं पुस्तक सुरू केलं होतं. सातही अर्धेच राह्यले. दर डावाले अर्धं पुस्तक झालं की बदली. कोठी एकतीस पानं, कोठी अठरा. ते सात अर्धे पुस्तकं त्याच्या फोनमधी अजून हायत. आन् येत्या उन्हाळ्यात बदलीच्या यादीत त्याचं नाव पुन्हा हाय, हे सारं गाव जाणते. "आबा, एक तरी पुरं झालं पाह्यजे," असं मास्तर म्हणे. हे म्हणतानी मात्र तो हासत नव्हता.

डिसेंबर संपता संपता साठ पानं झाले. एक राह्यलं.

ते माहं.

आता खरं सांगतो. मी रोज सकाळी पारावर पेपर वाचतो. मोठे अक्षरं वाचतो, लहान अक्षरायवरून नजर फिरवतो. सही करतो, आन् झकास करतो. सोसायटीच्या कागदावर माही सही पाहून साहेब लोक दोन डाव पाह्यतात. पण पाच नावं एका खाली एक लिहायचे, तर अक्षरं ओळ सोडून पळतात. माहं अक्षर सत्तर वर्षांत कोणी पाह्यलं नव्हतं. गावात मी शिकेल बुढा. झेंड्याच्या दिवशी ते अक्षर चार हात मोठं होऊन टीव्हीवर येणार, आन् ज्यायले मी पारावर बातम्या ऐकवतो ते समोर बसेल असणार. मी काऊन लिहू?

रेणूनं चित्र काढून ठेवलं होतं. घर, स्लॅब, लाल मिरच्या, आन् मिशीवाला मी, मिशी घराएवढी. खाली जागा मोकळी.

मास्तर रोज सकाळी ओट्यावर येऊन उभा राहे. "आबा, पान?"

पह्यल्या दिवशी म्हणलं, चष्मा खामगावले दुरुस्तीले गेला. चष्मा नाकावर होता. दुसऱ्या दिवशी म्हणलं, आज अवस हाय. तिसऱ्या दिवशी म्हणलं, माह्या घरची माहिती साऱ्या दुनियेले काऊन दाखवू?

कौसाबाई आतून म्हणे, "घरात हाय काय अशी माहिती? दोन बुढे आन् मिरच्या."

"तू मधात बोलू नको!"

"साऱ्या गावाचं पान गेलं. आपलंच राह्यलं. पेपर तर रोज डोळ्यासमोर धरता."

धरता म्हणली. वाचता नाई म्हणली. पन्नास वर्षं एका घरात काढले की बाई असे शब्द निवडून मारते.

एका सकाळी मास्तरनं माह्याकडं पाह्यलं आन् हळूच म्हणे, "आबा, अंगठा बी चालते."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंगठा? मले? मी सही करणारा माणूस हाय मास्तर! तुमच्या जन्माच्या आधीपासून सही करून राह्यलो! लिहीत नाई, जा! करा तुमचं पुस्तक साठ पानाचं!"

"साठाचं होत नाई आबा," मास्तर म्हणे. "गाव एकसष्ट चुलीचं हाय. एक चूल सोडून दाखवलं तर ते खोटं पुस्तक. मंग मी दाखवतच नाई."

"नका दाखवू!"

"नाई दाखवत!"

आठ दिवस आमचं बोलणं बंद. भाजीचं भांडं रेणूच्या हातून ये-जा करे. गावातले लोक मले पारावर इचारत, "आबा, पुस्तक तुमच्यापाशी अटकलं म्हणतात?" मी पेपर वर करत जाय. पोट्टे रस्त्यानं जातानी माह्याकडं असे पाह्यत, जसं त्यायची जत्रा मी बंद पाडली. मास्तरही हट्टी, मीही हट्टी. तो चुकीचा होता, हे मले तवाही पक्कं माहीत होतं.

चोवीस तारखेले दुपारी मी मिरच्या पलटवाले वर गेलो. मास्तर छत्रीखाली बसेल. मले पाहून सरकला. मी एका टोकाकडून मिरच्या हालवत हालवत त्याच्यापर्यंत आलो. त्यानं फोन माह्यापुढं धरला. साठ पानाचं पुस्तक.

मी घेतला. म्हणलं, चला, खोड काढू. एकेक पान पलटवत गेलो. पह्यल्या पाच-सहा पानानंतर माह्या ध्यानात आलं, की माहंच बोट जिभेले लागून राह्यलं. आन् बोटाले मिरची. मास्तरनं पाण्याची बाटली पुढं केली. मी चूळ भरली आन् पाह्यत राह्यलो. शेवाळकर बुढीचा अंगठा. लोहाराचं अक्षर, एका ओळीत मोठं, दुसऱ्या ओळीत बारीक. सरपंचाचं अक्षर तर गोगलगायीवाणी. खरं सांगतो, सरपंचाचं पाहून मले लय बरं वाटलं.

साठ पानं संपले. मी पुन्हा पह्यल्यापासून पाह्यलं. काहीतरी राह्यलं होतं.

"मास्तर, यात तुमचं पान कोठी हाय?"

"माहं?" तो हासला. "माही चूल कोठी हाय आबा?"

"ते शेगडी?"

"शेगडीले चूल म्हणत नाई. एका माणसाची खिचडी शिजते तिच्यावर. उन्हाळ्यात गोणीत भरली की चालली दुसऱ्या गावाले. नियम म्हणजे नियम."

"आन् तुमच्या गावी?"

"आमची माय गेली तवा चूल फुटली. आम्ही भाऊ तीन, पण चुली दोनच झाल्या. मी ड्युटीवर होतो." हे त्यानं असं सांगितलं, जसं कोणी सांगते की गाडी चुकली, दुसरी धरली.

"लग्न काऊन नाई केलं बापा?"

"यादीत नावच आलं नाई," म्हणे, आन् पुन्हा हासला.

मी त्याले फोन वापस देल्ला. मिरच्या अर्ध्या तशाच सोडल्या आन् खाली आलो.

लेक संजू आन् सून शेतात होते. मी रेणूचं चित्र बाहेर काढलं, दार लोटून घेतलं, आन् जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूनं आधी सराव केला. तीन महिने संपवले. रेणू खिडकीतून पाहून राह्यली होती, पण शहाणी पोरगी, मी वर पाह्यलं की खाली बसे. मंग कागद घेतला. माहं नाव. कौसाबाईचं. संजूचं. सुनेचं, तिच्या नावात जोडाक्षर हाय, त्यात पाव तास गेला. रेणूचं. पाच झाले. सहावं लिहाले पेन टेकवला आन् थांबलो.

मास्तरचं नाव काय?

तीन वर्षं माणूस माह्या घरात राह्यते, आन् मले नाव माहीत नाई. मास्तर, नाई तर डाबेराव मास्तर. घराच्या पानावर मास्तर कसं लिहू? रेणूले इचारलं, ते म्हणे, "सर." मी आत आवाज देल्ला.

"अवं, मास्तरचं नाव काय हाय?"

"वासुदेव," कौसाबाई चुलीपासून म्हणली. एका दमात, आपल्या पोराचं सांगावं तसं. मंग बाहेर येऊन दारात उभी राह्यली, माह्या हातातल्या कागदाकडं पाह्यलं, आन् पह्यल्यांदा मले काहीच न बोलता आत गेली. जरा वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. थापा नेहमीपेक्षा जास्त होत्या.

पुस्तक झेंड्याच्या दिवशी दाखवलं, लोकायनं टाळ्या वाजवल्या, ते गावात कोणालेही इचारा, सांगन. मी सांगतो ते त्याच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळचं.

मी कागद घेऊन मास्तरच्या खोलीत गेलो. आत पाय ठेवाले जागा नाई, पुस्तकं सरकवून उभा राह्यलो. कागद त्याच्या हातात देल्ला आन् भिंतीकडं पाह्यत राह्यलो. वाचतानी मले त्याचं तोंड पाहाचं नव्हतं. अक्षर माहं होतं ना.

मागं कागद दोन डाव वाजला.

मंग मास्तर म्हणे, "आबा, हे नियमात बसत नाई. मी तुमच्या चुलीवर जेवत नाई."

"आजपासून जेवसान. भाकरी टाकल्या तिनं. चला."

"शेगडी हाय माही."

"शेगडीवर चहा करा. मले बी देत जा."

मी हळूच वळून पाह्यलं. त्यानं चष्मा काढला होता आन् कागद डोळ्याजवळ धरला होता. मिरच्या तर खोलीत नव्हत्या, तरी डोळे लाल. मले वाटलं, आता हा माणूस रडन, आन् मले रडणाऱ्या माणसासमोर उभं राह्यता येत नाई. म्हणून मी दाराकडं वळलो.

"आबा," मास्तर मागून म्हणाला. "संजूचं वय काय?"

"असन पंचेचाळीस. काऊन?"

"मी बावन्नचा." त्यानं बोट कागदावर ठेवलं. "मंग माहं नाव सर्वात खाली कसं? थोरला मी हाय. माहं संजूच्या आधी पाह्यजे."

त्या सहा नावायले माही अख्खी दुपार गेली होती. जोडाक्षरासकट. माह्या मनात आलं, सांगावं, जेवढं देल्लं तेवढ्यात राजी राहा.

पण तो बरोबर बोलत होता. मी पुस्तकायच्या गठ्ठ्यावर कागद ठेवला, वासुदेववर एक रेघ मारली, आन् कौसाबाईच्या आन् संजूच्या मधात बारीक जागा होती, तठी पेन टेकवला. मास्तरनं कागद हालू नये म्हणून दोन्ही हातानं कोपरे दाबून धरले.